जे नफीसानं विचारलं नाही

नफीसा,

तुझ्याबद्दल छापून आलेलं सगळं वाचलं. जिल्ह्याच्या पानावर तुझा तो पदवीदानाचा जुना फोटो आहे, ज्यात तुझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. 'खारपाणपट्ट्यात संशोधनाची ज्योत पेटवणाऱ्या डॉक्टर' असा मथळा आहे. तू हसली असतीस. "ज्योत कायची वं, वायर जोडता जोडता जीव गेला माहा," असं काहीतरी म्हणाली असतीस. कुठं शिकलीस, कोणत्या समित्यांवर होतीस, किती तरुण डॉक्टरांना शिकवलंस, ते सगळं त्यात आहे आणि सगळं बरोबर आहे. फक्त तू त्यात नाहीस. म्हणून हे लिहायला बसले. तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, आणि दवाखान्यात एखादा न उलगडणारा रिपोर्ट हातात आला की पहिला फोन मला अजून तुलाच लावावासा वाटतो.

अकोल्याला होस्टेलच्या खोलीत आपली गाठ पडली तेव्हा मला तुझी जरा भीतीच वाटली होती. मी चिखलीजवळच्या खेड्यातली, मोठ्या माणसानं काही सांगितलं की मान डोलावणारी. तू मलकापूरच्या सरकीच्या व्यापाऱ्याची मुलगी, आणि तुझ्या तोंडात सदा एकच शब्द. वॉर्डात सर म्हणायचे, या रुग्णाला हे औषध द्यायचं. तू विचारायचीस, "काऊन, सर?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात काऊन आहे?"

सर पुण्याचे. त्यांनी एकदा तुला सर्वांसमोर थांबवून सांगितलं, "काऊन नाही, का म्हणावं." तू "बरं सर" म्हणालीस. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बॅग पलंगावर टाकली आणि म्हणालीस, "पाह्य संध्या, भाषा सुधरवली माही, पन उत्तर नाही देल्लं त्यायनं." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट धरून हसले. मग रात्रीच्या जेवणाला माझ्या आईनं पाठवलेला ठेचा तू एकटीनंच संपवलास.

पुढं आपल्या वाटा वेगळ्या झाल्या. मी लग्न करून नांदुऱ्याला आले, विलास आणि मी मिळून दवाखाना थाटला. तू एमडी झालीस आणि आता मलकापूरला पाटी लावशील असं सगळे धरून चालले असताना मुंबईला निघून गेलीस, फेलोशिपवर. क्लिनिकल संशोधनाचं प्रशिक्षण. म्हणजे काय, ते तुझ्या घरात कुणालाच समजेना. अम्मींनी मला बोलावून घेतलं.

"संध्या, डॉक्टर त झाली न ते? मंग आता काय शिकून राह्यली?"

मी सांगायचा प्रयत्न केला. "अम्मी, औषध कसं द्यायचं ते शिकून झालं. आता ते खरंच लागू पडतं की नाही, हे कसं ओळखायचं ते शिकते आहे."

अम्मी माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे आतापरेंत मालूम नव्हतं तुमाले? तसंच देत होते?"

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसतं हसू येत होतं. नंतर तुझा आवाज बदलला. म्हणालीस, "खरं सांगू? बऱ्याच गोष्टी तशाच देतो आपण."

मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. संशोधन हे मोठ्या शहरातल्या, मोठ्या प्रयोगशाळा असलेल्या लोकांचं काम, असं माझं मत होतं. आमच्याकडे सकाळपासून बाकड्यावर माणसं बसलेली. त्यांचा ताप, त्यांची साखर, त्यांचं बाळंतपण. त्यात प्रश्न विचारायला वेळ कुणाला आहे?

तू परत आलीस ती एक प्रश्न घेऊनच. पूर्णेच्या दोन्ही काठांचा आपला पट्टा, जिथं विहिरीचं पाणी खारट लागतं आणि डाळ शिजता शिजत नाही, तिथली माणसं किडनीच्या आजारानं का झिजतात, आणि त्यांना वेळेवर कसं गाठायचं. तू माझ्या दवाखान्यात येऊन बसायचीस. पायांवर सूज, चेहरा पांढरा पडलेला, असा कुणीतरी शेतकरी नाहीतर मजूर यायचा. मी तपासायचे, रक्ताचा रिपोर्ट बघायचे आणि डायलिसिससाठी अकोल्याला चिठ्ठी लिहून द्यायचे. एकदा असाच एक जण गेल्यावर तू म्हणालीस, "तुह्याकडं येते तेव्हा उशीर झालेला असते. उशीर व्हायच्या आधी कोन पाह्यते त्यायले?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"हेच लिहून राह्यली मी."

प्रस्ताव लिहिलास. दिल्लीला मुलाखतीला बोलावणं आलं. परतीच्या गाडीनं तू मलकापूरला न उतरता थेट नांदुऱ्याला आलीस आणि फलाटावरच्या बाकावर बसून मला सगळं सांगितलंस. समितीतले एक गृहस्थ म्हणाले होते, तुमच्या ठिकाणी संशोधनाची क्षमता नाही. तू विचारलंस, क्षमता कशानं येते? ते म्हणाले, अनुभवानं. अनुभव कशानं येतो? प्रकल्प केल्यानं. मग प्रकल्प द्या ना, तू म्हणालीस. सगळे हसले, तुला चहा दिला, आणि प्रस्ताव परत पाठवला.

मग एका मोठ्या शहरातल्या संस्थेचा निरोप आला. त्यांच्याकडे निधी होता, यंत्रं होती, नाव होतं. फक्त आपल्या गावांमधून नमुने गोळा करून पाठवायचे. तुझं नाव कुठंतरी शेवटी येणार होतं. मी म्हणाले, घे. काम तरी सुरू होईल. तू नाही म्हणालीस.

"रक्त आपल्या लोकाइचं, उन्हातान्हात फिरनार आपन, अन प्रश्न त्यायचा? आपला प्रश्न त्यायच्या यादीतच नाही, संध्या."

"तुझा प्रश्न पुढच्या वेळेला विचार."

"पुढची येळ कोनाची असते, कोनाले मालूम?"

मला तेव्हा तू हट्टी वाटली होतीस. आजही थोडी वाटतेस. त्यांच्या कामात दोन वर्षं गेली असती तरी चाललं असतं, असं मी म्हणायचे; दोन वर्षांत कोण कोण जाईल ते तू मला नावानिशी सांगायचीस. हा वाद आपण कधीच मिटवला नाही. नुसता बाजूला ठेवला, जसं पाहुणे आले की आवरायचं राहिलेलं काहीबाही पलंगाखाली सारतात.

शेवटी नव्या संशोधकांसाठीचा एक लहानसा निधी तुला मिळाला. त्याची अट होती की तू इतरांना शिकवायचं. ती अट वाचून दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. तू मला फोन करून विचारलंस, "नांदुऱ्यात मंगल कार्यालय कोन्तं रिकामं असते?"

ती पहिली कार्यशाळा मला जशीच्या तशी दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले तरुण डॉक्टर, लाल खुर्च्या, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली राहून गेलेली थर्माकोलची अक्षरं. शेजारच्या हॉलमध्ये साखरपुडा होता, तिथला बँड वाजायला लागला की पाहुणे व्याख्याते थांबायचे. जेवणाला वांग्याची भाजी होती आणि ती इतकी तिखट की पुण्याहून आलेल्या मॅडम ताकावर ताक पीत होत्या. अभ्यासाचा आराखडा कसा लिहायचा, निधीसाठी अर्ज कसा करायचा, रुग्णाची संमती कशी घ्यायची, असं सगळं तू त्यात बसवलं होतंस.

संमतीच्या सत्रात तू मला धरून पुढच्या खुर्चीत बसवलंस. मुलांना म्हणालीस, "ही गावातली मावशी आहे. हिले अभ्यासाबद्दल समजावून सांगा."

एक तरुण डॉक्टर उभा राहिला आणि वाचायला लागला. "सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून..."

"ऐच्छिक म्हंजे काय, बाप्पा?" मी विचारलं. सगळे हसले. तो बिचारा लाल झाला. पण माझ्या अंगात आता मावशी आली होती. मी पुढं विचारलं, "अन चिठ्ठी टाकून ठरवता म्हनता कोनाले नवं औषध अन कोनाले नाही, त माहं नाव नाही निघालं त? तुमी त आमच्या वळखीचे आहा. मले देऊन द्या न चांगलं औषध."

तो तुझ्याकडे बघायला लागला. तू फळ्याजवळून चालत माझ्याजवळ आलीस, खाली बसलीस, खरोखरच मी मावशी असल्यासारखी.

"मावशी, नवं औषध चांगलं आहे हे मालूम असतं, त सगळ्याइलेच देल्लं असतं. मालूम नाही, म्हनून त चिठ्ठी. अन वळखीवर चिठ्ठी बदलली, त उत्तर खोटं निघते. ते खोटं उत्तर मंग तुमच्या नातीले भोगा लागते."

मला वाटतं त्या दुपारी मी तुझ्या बाजूला आले, निदान संशोधनाच्या बाबतीत. त्यानंतरच्या सगळ्या कार्यशाळांना मी तुझी मावशी झाले.

अभ्यास सुरू झाला. आजाराची पहिली चिन्हं असलेल्या लोकांपैकी चिठ्ठीनं निवडलेल्या निम्म्यांच्या घरी दर महिन्याला त्या त्या गावच्या आशाताई जाणार, रक्तदाब मोजणार, एक जास्तीची गोळी देणार. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. तू गावागावांत हिंडत होतीस, उन्हानं काळवंडली होतीस, आणि मी तुला इतकी आनंदी कधी पाहिली नव्हती.

पोट फुगल्यासारखं वाटतं, असं तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा आपण दोघींनी प्रवासातल्या खाण्यावर खापर फोडलं. सोनोग्राफी माझ्याच दवाखान्यात झाली. तू पडद्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. दोघी डॉक्टर. कुणी कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. तू उठलीस, ओढणी नीट केलीस आणि म्हणालीस, "चहा सांग वं, साखर घालून."

अंडाशयाच्या कॅन्सरची मुंबईत शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. केस गेले. तू स्कार्फ बांधून परत आलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात गावात गेलीस. मग तो आजार पुन्हा वर आला. तिथल्या डॉक्टरांनी तुला एका औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. नेहमीचे उपचार सगळ्याजणींना मिळणार. त्याशिवाय निम्म्या जणींना नवी गोळी आणि निम्म्या जणींना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाच्या बाटलीत काय, हे रुग्णालाही कळणार नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. तू सही करून आलीस.

त्या दिवशी तुझ्या घराच्या गच्चीवर आपण भांडलो. मी सरळ बोलले. "त्या विभागात तुझ्यासोबत शिकलेले लोक आहेत. एक फोन कर. बाटलीत काय आहे तेवढं तरी कळू दे."

"अन नुसतीच गोळी निघाली त?"

"तर बाहेर पड. आपण दुसरीकडे बघू. बाहेरच्या देशातून मागवू."

तू कठड्याला टेकून उभी होतीस. खूप बारीक झाली होतीस. "मी गावात बायाइले काय सांगत फिरली इतके दिवस?"

"त्यांच्याकडे ओळखी नव्हत्या, नफीसा. तुझ्याकडे आहेत."

"म्हनूनच त."

"तुझ्या या तत्त्वानं अम्मीला काय मिळणार आहे?"

तू माझ्याकडे वळलीस. तुझा राग मी ओळखत होते, पण हा राग नव्हता. "नवी गोळी चांगली आहे, हे तुले कोनं सांगतलं? तिनं जास्ती तरास झाला त? तुले नाही मालूम, मले नाही मालूम, ज्यानं बनवली त्याले बी नाही मालूम. मंग फोन करून मी काय विचारू?"

तू बरोबर होतीस. आणि तरी मला वाटत होतं की तू फोन करावास. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या मनात होत्या आणि अजूनही आहेत. तुझे मिस्टर, इक्बालभाई, वर आले, आपले चेहरे बघून म्हणाले, "फिर शुरू हो गए दोनों?" त्या माणसानं त्या सगळ्या काळात कधी तुझ्या निर्णयावर एक शब्द काढला नाही. दुकान भावाच्या हवाली करून तो तुझी पथ्याची खिचडी शिजवायला शिकला. मूग जास्त की तांदूळ जास्त, हे मला फोन करून विचारायचा.

एकदा तुझ्याबरोबर मुंबईला मी आले होते. चाचणीच्या नियमांत काही बदल झाला होता म्हणून तुझी संमती पुन्हा घ्यायची होती. समोरची मुलगी नवी असावी. तुला डॉक्टर म्हणून ओळखत होती, त्यामुळे भराभर वाचत होती. तू तिला थांबवलंस.

"बेटा, हळू वाच."

"मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे."

"मला माहीत आहे. माझ्यानंतर त्या बाकावर जी बाई बसली आहे, तिला नाही. सवय हळू वाचायचीच लाव."

ती मुलगी पहिल्यापासून वाचायला लागली. तू पुढं झुकून ऐकत होतीस, मधेच प्रश्न विचारत होतीस, अगदी तेच जे गावात तुला विचारले जायचे. मध्येच कधीही बाहेर पडता येईल ना? पडले तर उपचार थांबणार नाहीत ना? तुझा आवाज थकलेला होता. मी बाजूला बसून तुझ्या हातांकडे बघत होते. सलाईनसाठी शिरा शोधून शोधून ते निळे पडले होते. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला आणि तुझी इतकी दया आली की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

त्याच सुमारास तुझ्या अभ्यासाचा निकाल हाती आला. फरक पडला नव्हता. ज्यांच्या घरी आशाताई जात होत्या आणि ज्यांच्या जात नव्हत्या, त्या दोघांच्याही किडन्या सारख्याच वेगानं झिजल्या होत्या. इतकी वर्षं. मी तुझ्यासमोर बसले होते. तू आकडे पुन्हा पुन्हा बघितलेस, मग संगणक मिटलास.

"गावात जाऊन सांगा लागते," म्हणालीस.

"आता? या तब्येतीत? पत्र पाठवू."

"बोलावून घेतलं तेव्हा पत्र नव्हतं पाठवलं आपन."

प्रस्तावात तू 'गावात परत जाऊन निकाल सांगणे' असा खर्च लिहिला होतास आणि परीक्षकांनी तो अनावश्यक म्हणून खोडला होता, हे मला त्या दिवशी कळलं. तू तो भांडून परत घालून घेतला होतास.

नदीकाठच्या त्या गावात शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली. तू खुर्चीवर बसून बोललीस, कारण उभं राहवत नव्हतं. आडपडदा न ठेवता सांगितलंस की आम्ही जे करून पाहिलं त्याचा उपयोग झाला नाही. मग गिरजाबाई उठल्या. त्यांचा नवरा अभ्यास चालू असताना गेला होता.

"म्हंजे आमी दर खेपेले रक्त देल्लं ते फुकटच काय?"

"फुकट नाही, गिरजाबाई. आता दुसऱ्या गावात कोनी हाच उपाय घेऊन जानार नाही. तेवढी वर्षं वाचली त्यायची. दुसरं काही शोधतील."

"अन आमची?"

तू खाली बघितलं नाहीस. "तुमची नाही वाचली."

मला वाटलं आता लोक चिडतील. गिरजाबाई तुझ्याकडे बघत राहिल्या, तुझ्या स्कार्फकडे, गळ्याच्या हाडांकडे. मग जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमालेच बरं नाही दिसत. जेवून जा." आपण त्यांच्या घरी जेवलो. तू दोन घास खाल्लेस आणि नंतर गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ते सगळं ओकलीस. मी तुझी पाठ धरून उभी होते. तोंड पुसून तू म्हणालीस, "भाकर चांगली होती."

उपयोग झाला नाही, असं सांगणारा तो शोधनिबंध छापून आणायला तुला किती धावपळ करावी लागली, ते मी पाहिलं. यशाच्या गोष्टीला सगळे जागा देतात. तू अंथरुणावर पडून शेवटच्या दुरुस्त्या केल्यास. छापून आला तेव्हा तुला वाचवत नव्हतं. मी वाचून दाखवला, हळू.

स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला आणि तुझी ती गोळी बंद झाली. पुढचे उपचार त्या उत्तरानं बदलणार नव्हते, म्हणून तुझ्या बाटलीत काय होतं ते कुणी उघडून बघितलं नाही. तू विचारलं नाहीस. मी तुझ्यासमोर विचारायचं टाळलं. त्या शेवटच्या दिवसांत आपण चुकूनही तो विषय काढला नाही. सरकीच्या भावापासून होस्टेलच्या मेसपर्यंत सगळं बोललो. मला खरं तर एक सांगायचं होतं. तू खोलीत आली नसतीस तर मी आयुष्यभर मान डोलावत राहिले असते. आज माझ्या दवाखान्यात एखादा तरुण सहकारी औषध लिहितो तेव्हा मी विचारते की हेच का, आणि तो वैतागतो, आणि मला बरं वाटतं. हे तुला सांगायला मी एका दुपारी आले होते. तू झोपली होतीस. मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि परत गेले.

ज्या दुपारी इक्बालभाईंचा फोन आला, त्या दुपारी बाकड्यावर माणसं बसलेली होती. विलास म्हणाला, तू जा, मी बघतो. मलकापूरला पोचले तेव्हा गल्लीत गर्दी होती. तुझ्या कार्यशाळेत शिकलेली मुलं चिखलीहून, बुलढाण्याहून आली होती आणि काय करावं न कळून भिंतीशी उभी होती. तुला नेलं तेव्हा मी आत बायकांत बसले होते, अम्मींच्या शेजारी. अम्मी रडत नव्हत्या. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

परवा त्यांना भेटायला गेले. इक्बालभाई दुकानात होते. अम्मी तख्तावर बसून लसूण सोलत होत्या. मीही बसले आणि सोलायला लागले. तुझ्याबद्दल काहीबाही बोलत होतो. तू लहानपणी ताप मोजायच्या काचेच्या नळीतला पारा बघायला ती फोडली होतीस, ते त्यांनी सांगितलं. मग हात थांबवून त्यांनी मला विचारलं.

"संध्या, पोरी, एक सांग. तिले खरी गोळी भेटली होती काय?"

मला धक्का बसला. अम्मींना इतकं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. तूच कधीतरी बसून समजावलं असणार.

"माहीत नाही, अम्मी. कुणालाच माहीत नाही. ती चाचणी अजून चालू आहे. सगळी संपेल तेव्हा उघडतील."

"म्हंजे कधी?"

"बरीच वर्षं लागतील."

त्यांनी लसणाची आणखी एक पाकळी उचलली, पण सोलली नाही. "तिनं विचारलं असतं त सांगतलं असतं काय त्यायनं?"

"कदाचित सांगितलं असतं. तिच्या ओळखीचे होते."

"अन तिनं नाही विचारलं."

"नाही."

अम्मींनी ती पाकळी परत खाली ठेवली. मी तुझी बाजू मांडायची तयारी करत होते. मावशीला तू जे सांगायचीस ते सगळं मला पाठ आहे: चिठ्ठी का असते, ओळखीनं उत्तर कसं खोटं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"मी असती त विचारलं असतं. माय आहो मी तिची."

तुझं कोणतंच वाक्य माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हणाले, "मी पण विचारलं असतं, अम्मी."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी एका बाजूला झालो होतो, नफीसा, आणि तू एकटी पलीकडे. तुझ्यासमोर असं दोघींनी मिळून बोलायची आमची कधी हिंमत झाली नसती. तू ऐकून घेतलं नसतंस. एकेक मुद्दा काढला असतास, आम्हाला निरुत्तर केलं असतंस आणि वर चहा मागितला असतास.

आम्ही हात आवरून बसलो. तुझी बोलायची पाळी होती.